आगोटीचा हिशेब

कोकणातल्या घराने वर्षाचा हिशेब एप्रिल ते मार्च असा मांडू नये, आगोट ते आगोट मांडावा. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची तयारी. मृगाआधीची ती धांदल, कौलं परतायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, तांदूळ, मीठ, मसाला, सुकी मासळी भरून ठेवायची, हे सगळं आपण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हळूहळू आठवणींच्या खात्यात टाकलं. रस्ते झाले, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तालुक्याच्या बाजारात बारा महिने सगळं मिळतं. मग कशाला भरून ठेवायचं, असं म्हणणारी माणसं आता घराघरात आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण आगोट म्हणजे केवळ डबे भरणं नव्हतं. चार महिने घर कशावर चालेल, याचा तो विचार होता, आणि तो विचार आज फ्रिज, इन्व्हर्टर, सोलर आणि कर्जाचे हप्ते या गोष्टींना लावण्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वारा खारा असतो, वीज जाते, दरडी कोसळतात, पहिले दोन महिने मासेमारी बंद असते. म्हणून कोणतीही मोठी वस्तू घरात आणण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. पावसात ही वस्तू कामाची राहील का? आणि पावसात तिचे पैसे कुठून येतील?

दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण घरं तिथेच अडकतात. आमच्याकडे पैसा बारा सारख्या तुकड्यांत येत नाही. काजूचा पैसा फेब्रुवारी ते मे, आंब्याचा मार्च ते मे. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी, म्हणजे बोटी शाकारल्या की खलाशापासून मासळी विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचा हात थांबतो. घरगुती खानावळी, पर्यटकांच्या खोल्या यांनाही पावसात फारसं गिऱ्हाईक नसतं. शिक्षक, बँकवाले, सरकारी नोकर सोडले तर किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांचं उत्पन्न हंगामाला बांधलेलं आहे. मासिक हप्ता मात्र पगारदार माणसासाठी बेतलेला आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून पैसे जातात, बोट समुद्रात असो की किनाऱ्यावर.

समजा, पाडव्याला छत्तीस हजारांचा फ्रिज बारा हप्त्यांवर घेतला. महिना तीन हजार. एप्रिल-मे सहज जातात. जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांचे नऊ हजार नेमके तेव्हा द्यायचे, जेव्हा शाळेची वह्या-पुस्तकं, भातलावणीची मजुरी आणि पाठोपाठ गणपतीचा खर्च उभा असतो. एक हप्ता चुकला की बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्या कंपनीचा वेगळा, आणि पुढे बोटीच्या इंजिनासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलं की तोच चुकलेला हप्ता समोर येतो. 'बिनव्याजी हप्ता' असं लिहिलेलं असतं, पण रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. व्याज कुठेतरी किमतीत किंवा न मिळालेल्या सवलतीत असतंच. वर प्रोसेसिंग फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी.

कर्ज काढूच नये, असं मी म्हणत नाही. कर्जाचा हप्ता हंगामाला बांधावा, एवढंच म्हणणं आहे. शेतीसाठी हे तत्त्व मान्य झालेलंच आहे. किसान क्रेडिट कार्डाची परतफेड पिकाच्या विक्रीच्या वेळेशी जोडलेली असते, त्या मर्यादेतला दहा टक्के भाग घरखर्चासाठीही धरलेला असतो, आणि २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर ही सोय मच्छीमारांनाही मिळाली. मग घरातल्या वस्तूंच्या कर्जाला हे का लागू होऊ नये? रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात पतसंस्थांचं जाळं आहे. त्यांचे संचालक याच गावांतले, आपला सभासद कोणत्या महिन्यात रिकामा असतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. ऑक्टोबर ते मे असे आठच हप्ते आणि पावसाळ्याचे चार महिने मोकळे, असं कर्ज त्यांनी सुरू केलं तर वसुली बिघडणार नाही, उलट सुधारेल. तोपर्यंत ज्याला शक्य आहे त्याने हंगाम संपताना, मेमध्ये, रोख पैसे मोजून खरेदी करावी. जमत नसेल तर वस्तू एक वर्ष पुढे ढकलावी.

आता पहिला प्रश्न, पावसात काय चालतं. इथे सगळ्यात मोठा गैरसमज विजेबद्दल आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये घराच्या छपरावर सोलर बसवण्यासाठी 'पीएम सूर्यघर' योजना आली. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान. योजना चांगली आहे, बिल खरोखर कमी होतं, आणि घरात येणारी आणि घरातून जाणारी वीज मोजणाऱ्या नेट मीटरमुळे एप्रिल-मेच्या कडक उन्हात तयार झालेली जादा युनिटं पुढच्या बिलांत वळती होतात. पण गावोगावी लोकांची समजूत अशी झाली आहे की छपरावर पॅनेल बसलं की वीज गेली तरी घर चालू. तसं नाही. या योजनेत सर्वसाधारणपणे बसवलं जाणारं सोलर हे महावितरणच्या वाहिनीला जोडलेलं, बिनबॅटरीचं असतं. वाहिनी बंद झाली की तेही आपोआप बंद होतं, भर उन्हातसुद्धा. ते तसंच असायला हवं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून उलट गेलेली वीज मारेल. वीज गेल्यावरही घर चालवायचं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. हे बसवणाऱ्याने आधी सांगायला हवं आणि घेणाऱ्याने विचारायला हवं. जिथे पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, तिथे हा तपशील बारीक राहत नाही.

मग साध्या घराने काय करावं? हिशेब करून बघू. नेहमीची १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-अवर. इन्व्हर्टरमध्ये होणारी घट आणि बॅटरी अगदी रिकामी न करण्याची काळजी धरली तर हाताशी येतात साधारण १२००. दोन जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे आणि नऊ-नऊ वॅटचे चार दिवे लावले तर हे साडेसहा तासांत संपतं. तेच पंखे कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटारचे, तीस वॅटचे असतील तर तीच बॅटरी बारा तासांच्या पुढे जाते, म्हणजे अख्खी रात्र. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा दोन पंखे बदलणं कितीतरी स्वस्त पडतं, आणि बिलातही रोज बचत होते. तरीही आमच्याकडे लोक आधी मोठा इन्व्हर्टर मागतात. इंडक्शनची शेगडी दोन हजार वॅटपर्यंत वीज ओढते. ती घरगुती इन्व्हर्टरवर चालणार नाही, म्हणून गॅसचा भरलेला जादा सिलिंडर किंवा पडवीतली चूल यांना पर्याय नाही. मागच्या दारी चूल असलेलं घर मागासलेलं, असं मानणं सोडून द्यावं. नारळाची सोडणं आणि वाळल्या चुडतांवर आंघोळीचं पाणी तापतं, त्यात गिझरचे पैसे वाचतात. रोजचा स्वयंपाक मात्र धुरात करायला मी कुणाला सांगणार नाही.

याच्याही आधी एक वस्तू यायला हवी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती दिवाणखान्यात दिसत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. भिंती ओल्या, बटणं ओली, माणूस अनवाणी, अंगणात मोटार, आणि जांभ्या दगडातलं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडून बिघडलेलं. अशा घरात विजेचा धक्का लागला तर क्षणार्धात पुरवठा तोडणारी ही छोटी पेटी माणसाचा जीव वाचवते. किंमत एका बऱ्यापैकी मोबाइलच्या काही अंशाइतकी. मुंबईहून गावच्या घरासाठी पन्नास इंची टीव्ही पाठवणाऱ्या चाकरमान्यांना माझी कळकळीची विनंती आहे: घरात आई-वडील दोघंच असतील तर आधी वायरमनला बोलावून आरसीसीबी बसवा, अर्थिंग तपासून घ्या, पंखे बदला. टीव्ही पुढच्या वर्षी येईल.

एसीबद्दल थोडक्यात. समुद्राच्या हाकेवर घर असेल तर बाहेरच्या युनिटच्या जाळ्या खाऱ्या वाऱ्याने गंजतात, आणि इतर ठिकाणी जितकं ते यंत्र टिकतं तितकं इथे टिकत नाही, हे किमतीत धरूनच निर्णय घ्यावा. कौलारू घरातली हवा खेळती ठेवली तर मे महिन्याचे दिवस सोडून त्याची गरजही कमी लागते. कौलं काढून स्लॅब टाकायचा, मग तो गळतो म्हणून वर पत्र्याची शेड उभारायची, हा दुहेरी खर्च तर किनाऱ्यावर सर्रास चालला आहे.

आता स्वयंपाकघर. बेगमीबद्दल बोललं की लोक एकतर हळवे होतात नाहीतर हसतात. मला दोन्ही नको आहे, मला त्यातलं अर्थशास्त्र हवं आहे.

आमची भाजी आणि बरंचसं दूध घाटावरून येतं. आंबा घाटात किंवा कुंभार्लीत दरड आली की दुसऱ्या दिवशी बाजारात टोमॅटोचा भाव बदलतो. पावसात भाजी महाग, मासळी बंद किंवा बर्फातली, आणि हाताशी रोख कमी. अशा वेळी ज्या घरात कुळीथ, कडवे वाल, आठळ्या म्हणजे फणसाच्या बिया, सांडगे, आमसुलं, पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि सुकी मासळी आहे, ते घर महाग बाजारातून बाहेर राहू शकतं. पिठी-भात, वालाचं बिरडं, आठळ्या घालून केलेली टाकळ्याची भाजी हे गरिबीचं जेवण म्हणून खाली ढकललं गेलं, हे मला मनापासून खटकतं. पोषणात ते कुठेच कमी नाही. सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. आणि टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी तर पहिल्या पावसाबरोबर बांधावर फुकट उगवतात. ओळखणारं माणूस मात्र घरात हवं, नाहीतर अनोळखी पाला पोटात जाण्याचा धोका आहे.

सुकी मासळी घ्यायची वेळही हिशेबाची आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच बाजारात उतरतात आणि भाव चढतो. मार्च-एप्रिलमध्ये, ऊन कडक असताना नीट वाळलेला बोंबील, जवळा, खारा बांगडा घ्यावा, घरी पुन्हा एक-दोन उन्हं दाखवावीत आणि घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवावी. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, महाग; ते थोडे घ्यावेत. फ्रिजरमध्ये ताजी मासळी कोंबून ठेवणं हा बेगमीचा पर्याय नाही. वीज गेल्यावर बंद दाराचा फ्रिज चारेक तास थंड राहतो, भरलेला फ्रिजर एक-दोन दिवस, आणि आमच्याकडची वीज तेवढ्यात येईलच असं नाही. मोठा फ्रिज घेऊन त्यात ज्या मालाचं नुकसान होऊ शकतं तोच माल वाढवत नेणं, ही उधळपट्टी आहे.

यावर डॉक्टर लोक मिठाचा मुद्दा काढतात आणि तो खरा आहे. रक्तदाबाच्या माणसाने खारवलेली मासळी, लोणचं, पापड बेतानेच खावं. मासळी कोमट पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुतली की बरंच मीठ जातं, पण सगळं जात नाही. अशा घराने खारवलेल्यापेक्षा नुसत्या उन्हात वाळवलेल्या मासळीकडे आणि कडधान्याकडे वळावं.

त्याहून अवघड आक्षेप वेगळाच आहे. जुनी आगोट बायकांच्या पाठीवर उभी होती. मे महिन्याच्या उन्हात मिरच्या भाजायच्या, कांडायच्या, पापड लाटायचे, कोकमाच्या साली रसात भिजवून वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या, आभाळ भरून आलं की धावत जाऊन सगळं आत घ्यायचं. आमसुलांच्या रसाने आणि मिठाने चिरलेले आजीचे हात मी पाहिलेले आहेत. त्या कष्टाची नोंद घराच्या कोणत्याही हिशेबात झाली नाही. आज नोकरी करणाऱ्या, मासळीबाजारात पहाटे उठून जाणाऱ्या सुनेने तेच पुन्हा करावं, असं कुणी बेगमीच्या नावाखाली म्हणत असेल तर मी त्या सुनेच्या बाजूने उभा आहे. आगोट परत यायची असेल तर दोन अटींवर यावी. घरातल्या पुरुषांनी मे महिन्यात अंगणात उतरावं, आणि जे घरी होत नाही ते गावातल्या महिला बचत गटाकडून योग्य भावाने विकत घ्यावं. योग्य भाव म्हणजे, शहरातल्या दुकानात त्याच आमसुलाच्या पाकिटाला जे मोजतो तेच गावातल्या बाईला मोजायचं, घासाघीस न करता. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण कोकमाचं फळ ऐन पावसाच्या तोंडावर पिकतं आणि कितीतरी फळ झाडाखालीच कुजतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने लवकर तयार होणारी 'कोकण अमृता' ही जात दिली आहे. गटाला एक चांगलं सोलर वाळवणयंत्र मिळालं तर ढगाळ दिवसही वाया जाणार नाही आणि पाठीवरचं ओझंही हलकं होईल. सरकारी अनुदान छपरावरच्या पॅनेलला मिळतं, तसं ते गटाच्या अंगणातल्या वाळवणयंत्रालाही सहज आणि वेळेत मिळायला हवं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा तयारी म्हणजे काय याचा अर्थ सगळ्यांना कळला. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या कितीतरी गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. वीज नाही म्हणून मोबाइलचे मनोरे बंद, मनोरे बंद म्हणून ऑनलाइन पैसे बंद, एटीएम बंद. नळपाणी योजनेचा पंप बंद, पिठाची गिरणी बंद. ज्यांच्या विहिरीवर रहाट शिल्लक होता, डब्यात पीठ होतं आणि कपाटात थोडी रोकड होती, त्यांचे ते दिवस इतरांपेक्षा बरे गेले. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आलं आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरात, दुकानादुकानात शिरलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर सगळं तळमजल्यावर होतं.

त्यातून काही गोष्टी घराने कायमच्या ठरवायला हव्यात. सखल भागात इन्व्हर्टर आणि विजेची बटणं कमरेच्या वर असावीत. रहाट काढून टाकू नये. पंधरा दिवसांच्या खर्चाची रोकड, सुट्ट्या नोटांसकट, पावसाळ्यात घरात असावी. म्हाताऱ्या माणसांची रक्तदाबाची, साखरेची औषधं निदान महिनाभराची भरलेली असावीत, आणि इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर वीज गेल्यावर ते कसं ठेवायचं हे डॉक्टरांना मेमध्येच विचारून घ्यावं. आणि विमा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. वादळ, पूर, दरड तिच्यात येतात, आणि घराच्या इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाख, आतल्या सामानालाही संरक्षण मिळतं. किनाऱ्यावरच्या गावांत गाडीचा विमा सगळे काढतात कारण कायदा आहे. घराचा काढणारं घर शोधावं लागतं. माझ्या मते नव्या सोफ्याच्या आधी हा खर्च यायला हवा.

हे सगळं ज्याचं त्याने बघावं, असं म्हणून भागणार नाही. ज्याची बाग आहे, मुलगा मुंबईत आहे, तो भरून ठेवेल. हातावर पोट असणाऱ्या खलाशाकडे, बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबाकडे एकदम भरायला पैसे कुठले? २०२५ मध्ये केंद्राने जून ते ऑगस्ट अशा तीन महिन्यांचं रेशन पावसाआधी एकदम द्यायला राज्यांना सांगितलं होतं. कोकणापुरतं तरी हे दरवर्षी, न मागता, मेच्या मध्यापर्यंत व्हायला हवं. तांदूळ घरात पोहोचला की बाकीचं भरायला चार पैसे मोकळे होतात.

१ मे ला ग्रामसभा असते. तिच्या विषयपत्रिकेवर पावसाळ्याची तयारी हा विषय पहिला असावा: वाहिन्यांवरच्या फांद्या महावितरण कोणत्या तारखेला तोडणार, नळपाण्याच्या पंपाला आणि गिरणीला जनरेटरची सोय काय, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं कोणती आणि वादळाच्या दिवशी तिथे कोण जाणार, रेशन कधी येणार, बचत गटाकडे गावाने मिळून किती मालाची मागणी आधी नोंदवायची. त्या सुमारास चाकरमानीही गावात आलेला असतो, त्याने आंबे उतरवायच्या गडबडीतून दोन तास काढून त्या सभेला बसावं. गणपतीत हे विषय काढले तर निम्मा पावसाळा उलटून गेलेला असतो.